करार रजिस्टर नाही, म्हणून अनामत बुडाली का?

प्रश्न

(पत्र लांबलचक होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून गोषवारा देते.)

आम्ही जवळपास तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये लीव्ह अँड लायसन्सवर राहतोय. सुरुवातीला घरमालक म्हणाले, ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही.’ शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप झाला आणि नोटरीचा शिक्का बसला. भाडं ठरलं २२,०००, पण कागदावर लिहिलं १५,०००. ‘वरचे ७,००० रोख देत जा, मला टॅक्सची कटकट नको,’ असं ते म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. अनामत एक लाख. ती मात्र बँकेतून दिली आणि करारातही लिहिलेली आहे. अकरा महिने संपल्यावर तोंडीच ‘चालू द्या’ झालं.

आता तीन महिन्यांनी आम्ही स्वतःच्या घरात जातोय. तसं कळवलं, तर मालक म्हणतात, ‘रंगकाम-डागडुजीत अनामत गेली असं समजा. कोर्टात जायचं तर खुशाल जा, करार रजिस्टर नाही, तो कागद तिथे चालणारच नाही.’ माझे दीर म्हणतात, ‘करारच बेकायदा आहे ना? मग उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं देऊच नका. उलट कोर्टात सांगा की भाडं १५,०००च होतं, दरमहा ७,००० जादा उकळले, ते परत द्या.’ मला दोघांचंही पटत नाही, पण खोडून काढायला मुद्दाही सापडत नाही. आमचा करार कायद्याने ‘आहे’ की ‘नाही’?

उत्तर

तुमचे घरमालक आणि तुमचे दीर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे असले, तरी दोघांचं म्हणणं एकच आहे. कायद्याची एक अट मोडली की करार शून्य, आणि करार शून्य झाला की कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. एकाला त्यातून तुमचा लाख रुपये गिळायचा आहे, दुसऱ्याला तीन महिन्यांचं भाडं वाचवायचं आहे. तुम्हाला दोघांचंही पटत नाही, ते बरोबरच आहे, कारण या समजुतीचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

आधी पहिला भाग. कायदा मोडून झालेला प्रत्येक करार रद्दबातल ठरत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम २३ सांगतं की कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याने मना केलेला असेल, किंवा तो चालू दिल्याने एखाद्या कायद्याचा उद्देशच हाणून पाडला जाणार असेल, तर तो करार शून्य. म्हणजे कलमाचा रोख आहे तो करार कशासाठी केला यावर. लायसन नसताना सावकारीचा धंदा करणाऱ्याचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ न्यायालयाला सरळ बजावतो की कर्ज देताना वैध लायसन नव्हतं, तर अशा सावकाराच्या बाजूने हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, करायचा नाही. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर ‘माझी हरकत नाही’ अशी सही घेतली, तरी त्या सहीला किंमत नसते. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वामन श्रीनिवास किणी विरुद्ध रतिलाल भगवानदास हा खटला गाजला. त्यात पोटभाडेकरू ठेवायची मुभा करारातच लिहिलेली होती, पण मुंबई भाडे कायद्याने पोटभाड्याला मनाई होती. मालकाने स्वतःच दिलेली ती मुभा भाडेकरूला वाचवू शकली नाही. कायद्याने जे करूच नका म्हटलं आहे, ते दोघांनी संमतीने लिहून घेतलं तरी उभं राहत नाही.

पण घर राहायला देणं-घेणं हे काही मना केलेलं काम नाही. कायदा फक्त म्हणतो, ते अमुक रीतीने करा. रीत चुकली तर काय होणार, हे बहुतेक वेळा तोच कायदा सांगून ठेवतो. म्हणून अशा पेचात मी आधी त्या विशिष्ट कायद्याचं ते विशिष्ट कलम उघडायला सांगते. ‘बेकायदा’ हा शब्द तोंडी फेकणं सोपं असतं, पण न्यायालय त्यावर थांबत नाही.

तुमच्या बाबतीत ते कलम म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५. भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदणी कायदा, १९०८ खाली नोंदवलेला हवा, असं ते म्हणतं. तिथे अकरा महिने आणि बारा महिने असा भेदच नाही. ‘अकरा महिन्यांचा म्हणजे रजिस्टर नको’ हा समज आला तो केंद्राच्या नोंदणी कायद्यातून. त्याच्या कलम १७ मध्ये एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक अकरावर थांबायला शिकले. महाराष्ट्रात ही पळवाट हा राज्य कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे ३१ मार्च २००० पासून बंद आहे. तरीही एजंट मंडळी आजही ती छातीठोकपणे सांगतात. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही करणारी माणसं समोर होती, एवढंच त्यातून कळतं.

आता याच कलमातल्या दोन ओळी तुमच्या मालकांना वाचून दाखवण्यासारख्या आहेत. एक, करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन, लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटी-शर्तींवर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, त्याविरुद्ध सिद्ध झालं नाही तर.

दुसरी ओळ नीट पाहा. नोंदणी नसलेला व्यवहार जर कायद्याच्या लेखी शून्यच असता, तर त्याच्या अटी कोणत्या होत्या यावर कुणाचं म्हणणं ग्राह्य धरायचं, हे ठरवायची गरजच पडली नसती. कलम गृहीत धरूनच चाललं आहे की घर दिलं गेलं, अटी ठरल्या, फक्त त्या सिद्ध करायचं ओझं आता मालकाच्या डोक्यावर आलं. तुमचे मालक ज्या त्रुटीकडे बोट दाखवून तुम्हाला घाबरवताहेत, ती त्यांची स्वतःची चूक आहे आणि तिचा फायदा कायद्याने तुम्हाला दिला आहे. तुमची अनामत तर बँकेच्या उताऱ्यात तारखेनिशी उभी आहे.

राहिला स्टॅम्पचा मुद्दा. उद्या मालकांचे वकील म्हणतील, मुद्रांक कमी आहे, कागद पुराव्यात घेऊ नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली हा आक्षेप खरा आहे, पण तो कायमचा नाही. कमी पडलेलं शुल्क आणि त्यावरचा दंड भरला की कागद वाचता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने लवादाच्या करारांबाबत बोलताना हेच नि:संदिग्ध शब्दांत सांगितलं: मुद्रांक न लावलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही, पण तेवढ्याने तो शून्य होत नाही, हा दोष दुरुस्त करता येण्याजोगा आहे. शेवटी मुद्रांक शुल्क हे सरकारच्या महसुलासाठी असतं. बुडवलेला महसूल वसूल झाला की सरकारचं काम झालं.

आणि किती पैसे वाचवले हो यात? लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क असतं एकूण भाडं आणि परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज या बेरजेच्या ०.२५ टक्के. खऱ्या २२,००० रुपयांनी अकरा महिन्यांचे २,४२,००० आणि अनामतीवरचे दहाएक हजार धरले, तर शुल्क येतं साधारण ६३० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरबसल्या ऑनलाइन नोंदणीचीही सोय आहे. दोघांनी मिळून दोनेक हजार रुपये वाचवले आणि आता एक लाखावरून भांडताय. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. या सदराचे जे वाचक पुढच्या महिन्यात घर भाड्याने घेणार आहेत, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

आता दिरांकडे वळू. ‘भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य’ हे त्यांनी कुठून तरी ऐकलेलं दिसतं. ते अर्धं ऐकलं. ‘विरुद्ध सिद्ध झालं नाही तर’ हा उरलेला अर्धा भाग त्यांनी सोडून दिला. तीन वर्षांत तुमच्या आणि मालकांच्या व्हॉट्सॲपवर ‘रोख आणून देते’, ‘सात मिळाले’ असा एकही मेसेज नसेल? तुमच्या यजमानांनी ऑफिसात घरभाडे भत्त्यासाठी २२,००० च्या पावत्या दिल्या असतील, तर कोर्टात १५,००० म्हणताना काय करणार? आणि हे सगळं बाजूला ठेवलं, तरी भाडं २२,००० ठरलं होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. कलम ५५ तुमच्या शब्दाला वजन देतं, ते खोटं प्रतिज्ञापत्र करता यावं म्हणून नव्हे. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. एकदा ते उघडं पडलं की तुमचा एक लाखाचा खरा दावाही संशयाच्या छायेत जातो.

या ७,००० रुपयांबद्दल मला थोडं कठोर बोलू द्या. नोंदणी न होणं ही रीतीतली चूक होती आणि तिची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. रोख रकमेचं तसं नाही. कर चुकवण्यासाठी कागदावर कमी आकडा लिहायचा, हे दोघांनी समजून-उमजून ठरवलं. तुम्हाला त्यात फायदा नव्हता, घर हवं होतं म्हणून मान डोलावलीत, हे खरंच आहे. तरीही इथे आपण कलम २३ च्या उंबरठ्यावर येतो. करार कायद्याचं कलम ६५ म्हणतं की करार शून्य असल्याचं पुढे उघडकीस आलं, तर घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण १९७४ च्या कुजू कोलियरीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बेकायदेशीरपणा मुळापासून ठाऊक असणाऱ्यांना या कलमाचा आधार नाही. दोन्ही बाजूंचे हात बरबटलेले असले की न्यायालय मध्ये पडायला नाखूश असतं आणि पैसा जिथे आहे तिथेच राहतो. म्हणून ते ७,००० परत मागण्याचा नाद सोडा. त्याच न्यायाने मालकही ‘माझी रोख बाकी राहिली’ म्हणत दारात आले, तर त्यांचीही पंचाईतच आहे.

समजुतीचा दुसरा भाग होता, करार शून्य असेल तर कुणी कुणाचं काही लागत नाही. वादापुरतं धरून चालू की तुमचा करार मुळातच नाही. तरी तुम्ही त्या घरात राहिलात, पंखा फिरला, नळाला पाणी आलं. बी. के. मंडल प्रकरणात एका कंत्राटदाराने सरकारी खात्यासाठी बांधकाम केलं. घटनात्मक तरतुदीत सांगितलेल्या रीतीने करार झालेलाच नव्हता, त्यामुळे करार म्हणून तो टिकला नाही. तरीही डिसेंबर १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करार कायद्याच्या कलम ७० खाली त्याला पैसे मिळवून दिले, कारण काम फुकट करून द्यायचा त्याचा इरादा नव्हता आणि सरकारने त्याचा लाभ घेतला होता. तुमच्या मालकांनीही घर फुकट दिलेलं नाही. उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं तुम्ही देणं लागता आणि एक लाख मालक देणं लागतात. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

मग करायचं काय? चालू महिन्यापासून पूर्ण २२,००० बँकेतूनच द्या, शेऱ्यात महिना लिहा. मालक ‘सात रोखच द्या’ म्हणतील. शांतपणे सांगा की यापुढे रोख नाही. या आठवड्यातच त्यांना एक साधं पत्र लिहा, ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर: अमुक तारखेला घर सोडतोय, अनामतीचे एक लाख अमुक खात्यात जमा करावेत, दुरुस्तीपोटी काही कापायचं असेल तर घर एकत्र पाहून बाबवार यादी आणि बिलं द्यावीत. तीन वर्षांच्या वापराने भिंती मळतात, ती नुकसानी नव्हे. दरवाजा फुटला, बेसिनला तडा गेला, तर तो खर्च मात्र मान्य करा.

त्यांनी लेखी नकार दिला, किंवा पत्राला उत्तरच दिलं नाही, तर काय? शेवटच्या महिन्यांचं भाडं अनामतीतून वळतं करणं ही भाडेकरूंची नेहमीची युक्ती. अनामत म्हणजे आगाऊ भाडं नव्हे, त्यामुळे ही वाट मी पहिली सुचवणार नाही. पण पैसे परत देणार नाही असं समोरच्याने स्वच्छ सांगितलं असेल, तर शेवटच्या दोन महिन्यांचे ४४,००० अनामतीतून वळते करत असल्याची लेखी सूचना देऊन बाकी ५६,००० मागणं मला गैर वाटत नाही. ती शंभर टक्के निर्धोक नाही, मालक त्यावर वाद घालू शकतात, हे समजून करा. गुपचूप भाडं थकवणं मात्र नको. चुपचाप थकवलेलं भाडं कोर्टात थकबाकी म्हणूनच दिसतं.

‘पैसे मिळेपर्यंत चावीच देणार नाही’ हा तिसरा मार्ग कुणीतरी सुचवेलच. त्याच्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २४ मध्ये मुदत संपूनही घर न सोडणाऱ्या लायसन्सीकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूद आहे. ती तुम्हाला लागू होते की नाही हा वाद वकिलांना घालू द्या, तुम्ही तो विकत घेऊ नका. ठरल्या दिवशी घर रिकामं करा, खोलीनिहाय व्हिडिओ काढा, विजेच्या मीटरचा आकडा फोटोत घ्या आणि चावी दिल्याची पोच लिहून घ्या. मालक पोच देत नसतील तर सोसायटीच्या सचिवांसमोर चावी द्या आणि लगेच तसा मेसेज पाठवा.

कलम ५५ च्या दंडाचं काय, असं तुम्ही विचाराल. वकिलाच्या नोटिशीत कायद्याची स्थिती म्हणून ते जरूर येऊ द्या. ‘लाख द्या नाहीतर आत टाकते’ असा सौदा मात्र करू नका, तो तुमच्यावरच उलटेल.

नोटिशीनेही भागलं नाही, तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट अनेक सुशिक्षित बायकांनाही माहीत नसते. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. एका लाखासाठी वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा पाच-दहा हजार सोडून तिथे मिटवलेलं मी केव्हाही पसंत करेन. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, पण कोणत्या न्यायालयात जायचं ते तुमच्या गावावर आणि मागणीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. ते वकिलाकडून पक्कं करून घ्या.

अशीच पत्रं आणखी येतात, म्हणून इतरांसाठीही दोन शब्द. बिल्डरला पैसे दिले पण करार नोंदवला नाही, अशांनी ‘आपला व्यवहारच शून्य’ असं म्हणून हाय खाऊ नये. मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, आणि २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायदा, दोन्ही नोंदणीची सक्ती बिल्डरवर करतात. रेरात तर नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायलाच बंदी आहे. ही बंदी घर घेणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, त्याचे पैसे बुडवायला नव्हे. उलट, बिनलायसनच्या सावकाराकडून कर्ज घेतलेल्याला कायदा वेगळ्या कारणाने वाचवतो: तिथे धंदाच मना आहे. अडचणीत मित्राने एकदा दिलेले हातउसने पैसे मात्र सावकारी होत नाहीत. ते ‘लायसन कुठाय’ म्हणत बुडवता येतील, अशी आशा धरून दोघांनी मला लिहिलं आहे. त्यांनी पैसे परत करावेत.

आणि घरमालकांनो, तुमच्याकडे असाच नोटरीचा कागद असेल आणि भाडेकरू अजून राहत असेल, तर आज खऱ्या आकड्यांनिशी नवा करार करून नोंदवून घ्या. जुना दस्त नोंदणीसाठी सादर करायला सही झाल्यापासून चार महिने मिळतात, दंड भरून आणखी चार. त्यापुढे नवा करारच लागतो.